मोटारीला मानवलेले पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मला आठवत बसावे लागत नाही. ते माझ्या काशीवहिनीचे. आई गेली तेव्हा मी पाटीवर मुळाक्षरे गिरवीत होतो. दादा मुंबईला गिरणीत. शिमग्याला यायचा, आणि रजा मिळालीच तर गणपतीला. मागे राहिलो मी आणि ती. पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरचा घाट सुरू होतो तिथे डोंगराच्या कुशीत आमची वाडी. रानातला हिरडा वेचून, गवताचे भारे डोक्यावरून नेऊन वहिनी पोलादपूरला विकी आणि मला शाळेत ठेवी. महाडच्या इंग्रजी शाळेत गेलो तो तिच्यामुळे. पुढे दादाच्या खोलीत राहून मुंबईला बी. एस्सी. झालो तोही तिच्यामुळेच. आमच्या वाडीत माझ्याआधी कोणी चौथीच्या पलीकडे गेले नव्हते.

निकाल घेऊन घरी आलो तेव्हा तिने विचारले, "रसायनशास्त्र म्हंजे काय रे?"

मी म्हटले, "पाण्यात काय काय मिसळलेलं आहे ते ओळखायचं. तसलंच सगळं."

त्या दिवसापासून ती भेटेल त्याला सांगू लागली, "आमचा रामा पाण्याची परीक्षा पास झालाय."

संपादकांनी मला मोटार सर्व्हिसमधले अनुभव लिहायला सांगितले आहे. सारा जन्म त्या धंद्यात गेला, तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट आडवी येते, आणि ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्याचे धैर्य होत नाही. गोष्ट पाण्याची आहे. महाडचे नाव पाण्यावरून साऱ्या देशाला कळले. ते का, हे मी सांगायला नको, आणि आम्हा महाडकरांना त्याबद्दल मान खाली घालावी लागते. त्या मोठ्या गोष्टीशी माझ्या गोष्टीची बरोबरी नाही. माझी एका वाडीपुरती आहे.

पदवी घेऊन आलो तेव्हा नोकऱ्या कुठेच नव्हत्या. महाडचे एक भाताचे व्यापारी, त्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांनी नुकतीच मोटार सर्व्हिस काढली होती. हिशेब येणारा आणि इंग्रजी वाचणारा माणूस त्यांना हवा होता. मी मॅनेजर झालो. सर्व्हिस म्हणजे एक गाडी. सात बैठकीची, जन्माने अमेरिकन. मुंबईत एका डॉक्टरकडे आणि पुण्यात एका इनामदाराकडे नांदून तिसऱ्या घरी आमच्याकडे आलेली. चाकांचे आरे लाकडी, टप कापडी, हॉर्न रबरी भोपळ्याचा. बोटीने दासगावला उतरलेली मंडळी महाडहून पोलादपूरला आणि पुढे घाटाने महाबळेश्वरला पोचवायची, हे तिचे काम. चालवायला दाजी ड्रायव्हर. दाजी मनाचा फार मऊ. कोणाला नाही म्हणणे त्याच्या जिवावर यायचे. याचाही पुढे संबंध आहे.

ज्यांनी मोटारीचे टोपण उघडून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनात पेट्रोल जळते, तेव्हा ते चुलीसारखे तापते. ते निववायला त्याच्याभोवती पाणी खेळवलेले असते. तापलेले पाणी वर चढते, गाडीच्या तोंडाशी असलेल्या पितळी जाळीत येते, तिथे वाऱ्याने गार होते आणि खालून पुन्हा इंजिनात जाते. या जाळीला रेडिएटर म्हणतात. हल्लीच्या गाड्यांत पाणी ढकलायला पंप असतो आणि पाण्यात घालायची औषधेही निघाली आहेत. आमच्या गाडीला पंप नव्हता. पाणी आपल्या पायांनी चढायचे, आपल्या पायांनी उतरायचे. जाळीच्या बारीक नळ्यांत जरासे कीट धरले की त्याची वाट अडायची, आणि घाटाच्या मध्यावर झाकणातून वाफेचा फवारा. मग उतारूंनी खाली उतरून दगडावर बसायचे, आणि आम्ही तोंड लपवायचे. उकळत्या इंजिनात गार पाणी ओतायची सोय नाही, लोखंड तडकते. थांबावेच लागते.

म्हणून जुन्या गाडीला पाणी कोणते घालावे, हा आमच्याकडे जेवणाखाणाइतका मोठा प्रश्न होता. लोकांना वाटते, पाणी ते पाणी. तसे नाही. महाडच्या विहिरींचे पाणी जड. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या आत पांढरा थर बसतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. सावित्री नदीचे पाणी गोड, पण महाडपाशी भरती चढली की मचूळ होते आणि पितळेचे डाग दिलेले सांधे खाते. घरातल्या बायकांना हे न शिकता कळते: ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजते ते पाणी चांगले. मी त्याला साबणाची परीक्षा जोडली. बाटलीत पाणी घ्यायचे, साबणाचा कीस टाकायचा, हलवायचे. जड पाण्यात साबण फाटतो, दह्यासारखा. हलक्या पाण्यात फेस येतो.

साबण किसणारा मॅनेजर म्हणून माझे थोडे नाव झाले, आणि बाहेरचे गाडीवालेही सल्ल्याला येऊ लागले. तुडीलकडचे एक खोत होते. त्यांनी स्वतःच्या मोटारीत उन्हाळ्याचे, म्हणजे जमिनीतून उकळत येणाऱ्या झऱ्याचे, पाणी भरले. नळ्या महिन्याभरात चोंदल्या.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारले.

"सांगायला कशाला हवं? पाणी तापतं म्हणून गाडी बिघडते, बरोबर? मग आधीच तापलेलं घातलं. आता आणखी काय तापणार ते?"

मी चिंचेचे पाणी भरून दिवसभर ठेवले आणि जाळी धुऊन दिली. बायका तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासतात, त्यातलीच ही युक्ती. खोत पैसे देऊन गेले, पण जाताना म्हणाले, "तुम्ही शिकलेले लोक. देवाच्या पाण्यावर तुमचा विश्वास नाही."

बिरवाडीच्या एका लग्नात तर नवरीच्या मामाने आमच्या गाडीत ताक ओतले. ऐन वैशाखात गाडी उकळली होती आणि दाजी जेवायला बसला होता. मामा म्हणाले, "उष्णता झाली की ताकच." वरात निघाली, आणि अर्ध्या वाटेत असा वास सुटला की नवरामुलगा उपरणे नाकाला लावून बसला. पुढे कित्येक दिवस बिरवाडीत आमची गाडी दिसली की लोक विचारत, "काय मॅनेजर, कढी उकळली काय?"

हे सगळे मी हसत हसत सांगतो. खोतांना आणि मामांना हसण्याचा मला काय अधिकार, ते आता सांगतो.

नोकरी लागली त्या मार्गशीर्षात मी रस्त्यावरची सगळी पाणी तपासायला निघालो. बाटल्या, साबण, चाकू पिशवीत. महाड, पोलादपूर, वाटेतल्या वाड्या करीत शेवटी आमच्या वाडीत पोचलो. वाडीच्या वर खडकातून एक झरा येतो. त्याच्यापुढे हंडाभर पाणी मावेल एवढा खळगा. पावसाळ्यानंतर तो वाहतो, माघापासून आटत जातो, आणि वैशाखात करवंटीने भरून घ्यावे लागते इतका बारीक होतो.

मी झऱ्यावर बसलो तशी वाडी गोळा झाली. गावकीचे म्होरके धोंडूतात्या पुढे उकिडवे बसले. गावकी म्हणजे वाडीतल्या घरांची सभा. भांडण, लग्न, पालखी, सारे तिथे ठरते आणि ठरलेले कोणी एकटा मोडू शकत नाही. मी आधी महाडच्या पाण्याची बाटली हलवली. साबण फाटला. मग झऱ्याच्या पाण्याची हलवली. फेस पार तोंडापर्यंत चढला.

"बघा, बघा!" वहिनी म्हणाली. जणू तो फेस मीच आणला होता.

"म्हंजे आमचं पाणी महाडच्या पाण्यापरीस भारी?" तात्यांनी विचारले.

"भारी नाही तात्या, हलकं आहे. हलकं म्हणून चांगलं."

तात्यांना ते आवडले नाही. "हलकं नको म्हणू. मऊ म्हण."

मी मऊ म्हटले. आणि मग माझ्यातला पदवीधर उभा राहिला. सगळी वाडी ऐकत होती, वहिनी ऐकत होती. वैद्याने पथ्य सांगावे तशा आवाजात मी बोललो, "आमच्या गाडीला हेच पाणी मानवेल. दुसरं चालायचं नाही."

त्याच संध्याकाळी गावकी सहाणेवर बसली. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. तिथे ठरले की मोटारीचे पाणी वाडीने द्यायचे. आपल्या पोराची गाडी आपल्या वाटेने जाते आणि तहानलेली जाते, हे बरे दिसत नाही. घरोघरची पाळी लागली. रॉकेलचे दोन रिकामे डबे घासून, आत चुलीतली राख फिरवून लख्ख केले. पाळीच्या घराने ते भरून घाटाच्या पहिल्या वळणावर न्यायचे. मला तेव्हा याचा केवढा अभिमान वाटला! शेठना सांगितले. शेठ म्हणाले, "तुझ्या माणसांना माझा नमस्कार सांग." तोही मी सांगितला.

ते साल छान गेले. चिंचेने धुतलेली जाळी आणि आमच्या झऱ्याचे पाणी, गाडी घाट चढून जायची आणि झाकण हाताला सोसवेल इतके गार असायचे.

पुढच्या पावसाळ्यात मला आणखी एक सुचले. शेठच्या भाताच्या वखारीवर पत्र्याचे छप्पर होते. त्याच्या पन्हाळीखाली लाकडी पिंपे मांडली आणि पावसाचे पाणी धरले. पावसाचे पाणी सगळ्यांत हलके. त्यात दगडमातीचे काही उतरलेलेच नसते. पिंपे झाकून वर्षभर पुरवता येतात. शेठनी पाठ थोपटली. पावसाळ्यानंतर घाट सुरू झाला तेव्हा गाडी महाडहूनच पिंपातले पाणी भरून निघू लागली आणि पायरीवर एक डबा जास्तीचा बांधला की काम भागे.

वाडीला हे सांगायचे माझ्या मनातच आले नाही. मी आता कचेरीत बसत होतो, गाडीबरोबर क्वचित जात होतो. दाजीने एकदा सांगितले की वळणावर डबे येतात. मी म्हटले, "येऊ देत. आपलीच माणसं आहेत." थंडीचे दिवस, झरा वाहता, मला त्यात वावगे दिसले नाही.

मग वैशाख आला. मुंबईचे एक मोठे बिऱ्हाड महाबळेश्वरला निघाले होते, सामान फार, म्हणून शेठनी मला बरोबर पाठवले. पहिल्या वळणावर गाडी थांबली. वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीपाशी वहिनी उभी होती. पायाशी दोन डबे. शिमग्यानंतर मी तिला पाहिले नव्हते. चेहरा ओढलेला, गळ्याची हाडे वर आलेली. मला पाहून पदर सावरला आणि हसली.

दाजीने डबे उचलले. एकातले थोडे पाणी चाकांच्या आऱ्यांवर मारले. उन्हात लाकूड सुकून करकरते, म्हणून तसे मारावे लागते, पण ते कोणतेही पाणी चालते. वहिनी वरून म्हणाली, "पाय धुतले ना? आता पाज तिला." पाहुणा आला की आधी पाय धुवायला, मग प्यायला. ती मोटारीचे तेच करीत होती.

दाजी डबे घेऊन गाडीच्या पलीकडे, दरीच्या बाजूला गेला. मी त्याच बाजूला बसलो होतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि उरलेले पाणी हळूच, आवाज होऊ न देता, मातीत ओतले. दोन्ही डबे.

"दाजी!" मी दबक्या आवाजात म्हटले.

"काय करू साहेब? रेडिएटर काठोकाठ भरलाय. डबे रिकामे करून नाय दिले तर माणूस हलत नाय हो तिथनं. त्यांना वाईट वाटतं."

"रोज असंच करतोस?"

"रोज. कुणाला नाय कसं म्हणू?"

रिकामे डबे त्याने वहिनीच्या हातात दिले. तिने मला विचारले, "प्याली काय रे?"

मी मान हलवली. गाडीत मुंबईची मंडळी बसली होती. मी दाजीला म्हटले, तू पुढे जा, मी परतीला भेटतो. आणि खाली उतरलो.

तिच्या मागोमाग वाडीची चढण चढलो. डबे मी मागितले, तिने दिले नाहीत. "इस्तरीच्या कपड्याला राख लागंल." दोनदा ती बसली. मी विचारले, बरे नाही का? म्हणाली, "पोट धरत नाय जरा. उन्हाचं."

घरी पोचल्यावर तिने मला तांब्याभर पाणी दिले. गार, स्वच्छ. मी ते पिऊन टाकले. मग ती कोपऱ्यातल्या दुसऱ्या मडक्याकडे गेली, त्याच्या तोंडावर फडके बांधले होते, आणि त्यातले ओतून प्याली. मी उठून पाहिले. पाणी चहासारखे दिसत होते.

"हे कुठलं?"

"कोंडातलं." कोंड म्हणजे खाली ओढ्यात राहिलेले डबके. त्यात म्हशी बसतात. "गाळून घेते मी. दोन बारी गाळते."

"आणि झऱ्याचं?"

ती मडक्यावर फडके पुन्हा बांधू लागली. शेजारची यमुना दारात आली होती, ती फटकळ. म्हणाली, "झऱ्याचं तुमच्या गाडीला, भावजी. दिसभर करवंटीनं भरलं तर दोन डबे भरतात. उरलं तर आमी. तुमची वैनी तर लोकांची पाळी पण आपणच घेते. माझ्या दिराची गाडी हाय म्हणते."

"गप गो यमुने," वहिनी म्हणाली. "तो पावणा आलाय आज."

मी आताच प्यालेला तांब्या माझ्या हातातच होता.

तसाच तात्यांकडे गेलो. म्हटले, "तात्या, उद्यापासून पाणी नको. गाडीला गरज नाही."

तात्या हसले. आमच्याकडची रीत वाचकांना ठाऊक असेल. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो. यजमान आग्रह करतो. जितका चांगल्या घरचा पाहुणा तितका जास्त वेळा नको म्हणतो. मी जितके नको म्हणत गेलो तितका मी तात्यांना चांगल्या वळणाचा वाटत गेलो.

"पोरगं एवढं शिकलं, पण लाजायचं काय सुटलं नाय," ते बसलेल्यांना म्हणाले.

"लाजत नाही तात्या. खरंच आमच्याकडे पाणी आहे. पावसाचं. पिंपात भरून ठेवलेलं."

"कधीचं?"

"मागल्या पावसाळ्यातलं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तात्यांचा चेहरा पडला. "शिळं? आमच्या वाटेवरनं जाती आणि शिळं पाणी पिती? नाय रामा, ते बरं नाय. तुझ्या शेठला सांग, वाडी अजून मेली नाय."

आदल्या दिवशीचे पाणी सकाळी ओतून हंडा घासून नवे भरणारी ही माणसे. त्यांना मी दहा महिन्यांचे पाणी सर्वांत शुद्ध कसे, हे सांगत होतो. रसायनशास्त्राचे सारे शब्द माझ्या तोंडात होते, आणि एकही उपयोगाचा नव्हता. खरे एकच वाक्य उपयोगाचे होते: तुमचे पाणी आम्ही मातीत ओततो. ते मला बोलता आले नाही. तात्यांच्या मागे वहिनी येऊन उभी राहिली होती. मी काहीतरी पुटपुटून खाली उतरलो.

महाडला आल्यावर दाजीला ताकीद दिली, वळणावर थांबायचेच नाही. दुसऱ्या दिवशी तो थांबला नाही. तिसऱ्या दिवशी डबे रस्त्याच्या मधोमध ठेवलेले आणि वहिनी बाजूला बसलेली. दाजी परत आल्यावर म्हणाला, "साहेब, तुमची वैनी मला विचारते, पाण्यात काय घाण गेली काय? गाडी रुसली काय? आता धोतराच्या चौपदरी फडक्यातनं गाळून आणलंय म्हणे. मी नाय म्हणू शकलो नाय हो. बाई उठताना करवंदीच्या जाळीचा आधार घेत होती."

मी त्याच्यावर ओरडलो. मग कचेरीचे दार लावून बसलो. पाऊस यायला अजून अवकाश होता. रोज दोन डबे, आणि रोज तिचा पाण्याचा तांब्या त्या डबक्यातला. दाजी मऊ म्हणून ओततो, तात्या मानी म्हणून देतात, वहिनी माझी म्हणून वाहते. यात वाईट कोणीच नव्हते आणि तिचे पोट मात्र धरत नव्हते.

हे थांबवायचे तर त्या पाण्याचा अपमान झाला आहे हे त्यांना कळायला हवे होते. ते सांगितले की वाडीत माझा आणि माझ्यापायी तिचाही मान जाणार, हे मला दिसत होते. तिच्यासमोर ते माझ्या तोंडून निघणार नव्हते. म्हणून मी पत्र लिहिले. आमच्या वाडीत पत्र म्हणजे खासगी गोष्ट नव्हती. पत्र धड वाचता येणारा एकटा मीच, आणि मी महाडला. पोलादपूरचा पोस्टमन चढून येई, सहाणेवर बसे, आणि कोणाचेही पत्र सगळ्यांदेखत वाचून दाखवी.

त्याचे पुढे काय झाले ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर मला काही बोलावे लागणार नाही. पत्र वाचले गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वळणावर कोणी नव्हते, आणि पुन्हा कधी कोणी आले नाही. वहिनी बरी झाली. पण झऱ्यावर बायकांचे बोल तिला ऐकावे लागले; मला कोणी तोंडावर काही म्हटले नाही. पुढल्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली, नाचली, आणि माझ्या खांद्यावर न देता तात्यांनी ती पुढे नेली. त्यांनी तसे का केले हे मला कोणाला विचारावे लागले नाही. वहिनी पुष्कळ जगली. घाटात हॉर्न वाजला की कधीकधी म्हणे, "प्याली असंल पोटभर." एवढेच.

पत्राचा कच्चा खर्डा मी ठेवला होता. तो असा:

ती. स्व. काशीवहिनीस,

रामाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पोस्टमनभाऊंना विनंती की हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे आणि मधले काही गाळू नये.

वहिनी, मी खुशाल आहे. दादाचे पत्र आले, तोही खुशाल आहे.

आपल्या वाडीचे पाणी मोटार पीत नाही. पावसाळ्यानंतर तिने त्यातला थेंबही घेतलेला नाही. ती महाडहून पोट भरून निघते. तुम्ही दिलेले थोडे पाणी चाकांवर मारतात आणि बाकीचे दरीच्या बाजूला मातीत ओततात. तू वरच्या अंगाला उभी असतेस, म्हणून तुला ते दिसत नाही. मी गाडीत बसून पाहिले. तू मला विचारलेस, प्याली काय, तेव्हा मी मान हलवली. ते खोटे होते. ओतणारा माझा माणूस आहे, तेव्हा ओतणारा मीच. दाजीला कोणी बोलू नये.

तात्यांना सांग, हा रामाचा संकोच नाही. मी लाजत नाही. मला लाज वाटते आहे.

वाडीने पाहुण्याला पाणी दिले आणि पाहुण्याने ते ओतून टाकले. अशा पाहुण्याला पुन्हा पाणी देत नाहीत. गावकी मला जे सांगेल ते मी ऐकेन, पण डबे पुन्हा वळणावर येऊ नयेत. ते घरात ठेव. झऱ्याचे पाणी आता तू पी, यमुनेला दे, घरोघर पिऊ देत. कोंडाचे पाणी कोणी पिऊ नये.

रामा पाण्याची परीक्षा पास झाला, असे यापुढे कोणाला सांगू नकोस.

पाऊस लागण्याआधी मी एकदा येईन. अंगणाबाहेर उभा राहीन. माझ्यासाठी तांब्या आणू नकोस. घरातल्या हंड्यात झऱ्याचे पाणी आहे आणि तू त्यातले प्यालीस, एवढे आतून सांग. मग मी आत येईन.

तुझा,
रामा